पावसाळा सरला की जिप्सी चढावर मरते: ई२०, पाणी आणि टाकीचा तळ

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल (उसापासून वगैरे काढलेलं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. त्यात पाणी शिरलं की जुन्या गाडीला जो आजार होतो त्याचं आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीला हाच आजार आहे का ते लगेच कळेल. गाडी कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची), जुनी, डोंगरात न्यायची. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा बाहेर पडणार, एरवी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी. जून ते सप्टेंबर टाकी अर्धी किंवा त्याहून कमी. गणपती उठले की आम्हा पुण्यातल्या मंडळींना मुळशी-ताम्हिणीची ओढ लागते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, कुठेच कुरकूर नाही. डांबर सोडून पहिल्या खड्या चढाला नाक वर झालं की दोन आचके आणि बंद. उलटी उतरवून सपाटीला आणली की थोड्या वेळाने पुन्हा सुरू. घरी येऊन कार्ब्युरेटर उघडून साफ केला की दोन आठवडे झकास. मग पुन्हा पहिले पाढे.

माझी १९९७ची जिप्सी किंग तीन पावसाळे हेच करत होती. तीन वर्षांत तीन वेळा कार्ब्युरेटर ओव्हरहॉल, दोन किट, एक कॉइल, प्लग-वायर आणि एकदा तर विनाकारण हेड गॅस्केट. दर वेळी दुरुस्तीनंतर गाडी सुधारायची, म्हणून दर वेळी वाटायचं की रोग सापडला. गाडी सुधारायची त्याचं खरं कारण वेगळं होतं. कार्ब्युरेटर काढताना बाउलमधलं, म्हणजे त्याच्या तळच्या वाटीतलं, पेट्रोल फेकलं जायचं, आणि ट्रायल घ्यायची म्हणून मिस्त्री पाच-दहा लिटर ताजं पेट्रोल भरायला लावायचे. औषध लागू पडायचं ते पेट्रोलचं, बिल मात्र कार्ब्युरेटरच्या नावावर.

शेवटी गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेटला हातही न लावता विचारलं, "साहेब, टाकी शेवटची रिकामी कधी केली होती?" मी म्हटलं, "कधीच नाही." ते म्हणाले, "मग वरचं कशाला उघडताय? खालचं उघडा."

खालचं उघडलं. माझ्या टाकीला तळाशी ड्रेन प्लग, म्हणजे रिकामी करायचं बूच, आहे. त्यातून पहिलं लिटरभर काचेच्या बरणीत धरलं आणि बरणी उन्हात ठेवली. पाच मिनिटांत मधोमध स्पष्ट रेघ. वर पेट्रोल, खाली गढूळ, पिवळट थर, आणि त्याच्याही तळाशी गंजाचा बारीक चुरा. तीन वर्षांचा पैसा त्या बरणीत दिसत होता.

थर पडतो म्हणजे काय होतं

इथेनॉल नसलेल्या जुन्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते मिसळायचं नाही. थेंब थेंब तळाला जायचं, बाउलमध्ये मोत्यासारखं दिसायचं, काढून टाकलं की विषय संपला, वरचं पेट्रोल जसंच्या तसं. इथेनॉलची गोष्ट निराळी. ते पेट्रोलमध्येही विरघळतं आणि पाण्यातही, आणि त्याची खरी सोयरीक पाण्याशी. थोडं पाणी आलं तर ते इथेनॉलच्या आधाराने पेट्रोलमध्येच विरघळून राहतं आणि गाडीतून जळूनही जातं. इथपर्यंत उलट फायदाच आहे. पण त्याला मर्यादा आहे. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण तापमानाला अर्धा टक्का पाणी सांभाळतं, म्हणजे चाळीस लिटरच्या टाकीत जेमतेम एक पेला. ई२० त्याहून जास्त सांभाळतं. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी एकटं खाली जात नाही, इथेनॉललाही सोबत ओढून नेतं. पेला-दोन पेले पाण्यापायी तळाशी लिटर-दोन लिटरचा थर बसतो तो असा. आणि गारठ्यात ही मर्यादा आणखी कमी होते. दुपारी पाषाणला एकजीव असलेलं पेट्रोल नोव्हेंबरच्या पहाटे घाटमाथ्यावर तंबूशेजारी उभ्या गाडीत फुटू शकतं, म्हणजे त्याचे दोन थर होऊ शकतात, ते याच कारणाने.

आता चढावरच का? टाकीतली सक्शनची नळी तळाला टेकलेली नसते, थोडी वर असते. गाडी सपाटीला असताना थर नळीच्या तोंडाखाली निमूट पडून राहतो. नाक वर झालं किंवा खडकांवर गाडी हिंदकळली की थर एका बाजूला सरकून जमा होतो आणि नळी पेट्रोलऐवजी पाणी-इथेनॉल ओढते. डांबरावर हीच गाडी महिनाभर तक्रार करणार नाही. म्हणून शहरातले मेकॅनिक ट्रायल घेऊन "काही नाही हो, मस्त आहे" म्हणतात, आणि ते खोटंही बोलत नसतात.

बरं, वर राहिलेलं पेट्रोलही धड राहत नाही. ऑक्टेन म्हणजे इंजिनात न खडखडता जळण्याची इंधनाची ताकद. इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या आसपास असतो. मिश्रणाचा ऑक्टेन त्याच्या जोरावर वर आलेला असतो आणि मूळ पेट्रोल त्या हिशोबाने थोडं हलकं घेतलेलं असतं. इथेनॉल खाली गेलं की वरचं पेट्रोल त्या आकड्याला पोचत नाही. चढावर कमी आरपीएमला इंजिन खडखडायला लागतं. आमच्याकडे त्याला 'टायमिंग गेलं' म्हणतात आणि डिस्ट्रिब्युटर फिरवतात. फिरवू नका, आधी बरणी बघा.

पाणी येतं कुठून

इथे माझं मत बऱ्याच लोकांच्या उलट आहे. सरसकट सांगितलं जातं की इथेनॉल हवेतली ओल शोषतं म्हणून टाकीत पाणी होतं. शोषतं, खोटं नाही. पण झाकण नीट बसलेल्या टाकीत ही शोषण्याची क्रिया फार मंद असते. हवेतल्या ओलीवर थर पाडायला टाकी बरेच महिने उभी राहावी लागेल. तीन आठवड्यांत थर पडत असेल तर पाणी वाटीने शिरतंय, थेंबाने नाही. वाट शोधा.

माझ्या गाडीत दोन वाटा निघाल्या. पहिली झाकणाच्या रबरी वॉशरची. तो कडक होऊन एका जागी चिरला होता, आणि धुताना प्रेशरचा पाइप नेमका तिथेच मारला जायचा. चिखल उडवून आल्यावर गाडी धुणं हा आपला कौतुकाचा कार्यक्रम, त्यातच हा घोळ. दुसरी वाट टाकीच्या ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या तोंडाची. त्याची नळी वरच्या क्लिपमधून सुटून चाकाशेजारी लोंबत होती. ओढा पार करताना तापलेली टाकी एकदम गार पाण्यात जाते, आतली हवा आकसते आणि टाकी ब्रीदरमधून श्वास आत ओढते. त्या क्षणी नळीचं टोक पाण्यात असेल तर श्वासाऐवजी घोट येतो. डिफरन्शियलच्या (चाकांच्या दांड्यावरच्या गिअरपेटीच्या) ब्रीदरची काळजी सगळे घेतात, ऑइल दुधाळ झालं की कळतंही. टाकीचा ब्रीदर मात्र कुणी बघत नाही. नळी वर, सीटच्या पातळीपर्यंत नेऊन बांधा आणि तोंड खाली वळवा. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे.

तिसरी वाट पंपाच्या भूमिगत टाकीची. पावसाळ्यात एखाद्या ठिकाणी पाणी शिरण्याच्या घटना होतात, पण एकाच गाडीला दरवर्षी हा त्रास होत असेल तर तो पंपाच्या माथी मारू नये. त्याच पंपावर भरलेल्या शंभर स्कूटर व्यवस्थित चालत असतात. शंका असेलच तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो वापरा, भांडण नंतर.

कशी बंद पडते, यावरून ओळखा

ई२० आल्यापासून जुन्या गाड्यांना चार वेगवेगळे त्रास होतात आणि चारांनाही लोक 'इथेनॉलचा त्रास' म्हणून एकाच पोत्यात भरतात. औषध चारही वेळा वेगळं आहे. गाडी कशी बंद पडते हे नीट आठवलं तर निम्मं निदान पाना न उचलता होतं.

गचके खात, कुठलीही पूर्वसूचना न देता, चढावर किंवा हिंदकळल्यावर बंद पडली आणि सपाटीला सुधारली, तर तळाचा थर. वर सांगितलाच.

आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या, उत्तम, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की दम तोडते, बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबलं की पुन्हा किलोमीटरभर चालते, तर फिल्टर तुंबलाय. इथेनॉल उत्तम द्रावक आहे. पंचवीस वर्षं टाकीच्या भिंतीला चिकटून बसलेला चिकट काळा थर आणि गंज ते सोडवतं आणि सगळा गाळ फिल्टरकडे रवाना करतं. शेतातल्या शेडमध्ये चार-पाच वर्षं पडून असलेली गाडी काढून नवीन पेट्रोल भरलं की पहिल्या महिन्यात हे हमखास होतं. काचेचा किंवा पारदर्शक फिल्टर बसवला तर डोळ्यांनी दिसतं.

एप्रिल-मेच्या दुपारी तासभर लो-रेंजमध्ये (चढासाठीच्या संथ गिअरमध्ये) रांगत गेल्यावर बंद पडली, बॉनेट उघडून वीस मिनिटं गप्पा मारल्यावर काही न करता सुरू झाली, तर व्हेपर लॉक. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढते, आणि इंजिनवर बसवलेला मेकॅनिकल फ्युएल पंप तापला की नळीत वाफेचा बुडबुडा अडकतो. ओलं फडकं पंपावर टाकून सुरू झाली तर खात्रीच. उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या, उष्णतारोधक स्लीव्ह घाला आणि पंप व ब्लॉकमधला जाड इन्सुलेटर शाबूत आहे ना ते बघा. तो पातळ गॅस्केट समजून फेकून दिलेल्या कितीतरी गाड्या पाहिल्या आहेत.

चौथा प्रकार कायमचा: थंडीत सुरू व्हायला कुरकूर, अर्ध्या थ्रॉटलला मिसिंग, सोडताना सायलेन्सरमध्ये फटाके, प्लगचं टोक पांढरट. चोक अर्धा ओढला की गाडी एकदम शहाण्यासारखी वागते. हे लीन मिक्स्चर, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. ई२०चा हिशोब साडेतेराच्या जवळपास येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून, आता साधारण आठ टक्के जास्त इंधन जायला हवं. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला मेंदू नसतो, भोक असतं.

भोक किती वाढवायचं? जेटवरचा आकडा बहुतेक वेळा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात व्यास सांगतो. इंधन जातं ते क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे व्यासाच्या वर्गाने. आठ टक्के इंधन हवं तर व्यास चारच टक्के वाढवायचा. ११०चा मेन जेट असेल तर ११२.५ लावून बघा, फार तर ११५. त्यापुढे गेलात तर काळा धूर आणि धुतलेले सिलिंडर. काही कंपन्यांच्या जेटवरचा आकडा व्यास नसून प्रवाह दाखवतो, म्हणून आपल्या कार्ब्युरेटरचं आधी विचारून घ्या. आणि सुईने किंवा ड्रिलने भोक 'जरासं' मोठं करणाऱ्या उत्साही हातांपासून जेट जपा. पायलट जेट (कमी चालीचा) एकदम बदलू नका, आधी मिक्स्चरचा स्क्रू पाव-अर्धा आटा उघडून बघा.

बरणीची चाचणी, नीट

हे उघड्यावर करायचं, सकाळी, गाडी थंड असताना. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला करा. तळाचा थर बहुतांशी इथेनॉल आणि पाण्याचा असतो. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, उन्हात दिसतसुद्धा नाही. 'पाणीच तर आहे' म्हणून त्याच्याजवळ बिडी पेटवणारा माणूस मी पाहिलाय. नशिबाने नुसत्या भुवया गेल्या. आग विझवायचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवा. तो ट्रेलवर जातानाही गाडीत असायला हवा.

गाडी रात्रभर न हलवता उभी ठेवा, म्हणजे थर बसतो. ड्रेन प्लग असेल तर पहिलं लिटर काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या. प्लग नसेल तर हातपंपाची नळी अगदी तळापर्यंत सोडून ओढा. तोंडाने ओढू नका, आता त्यात काय काय असतं ते वर वाचलंच. फ्लोट बाउलमधलंही थोडं वेगळ्या बाटलीत घ्या. दहा मिनिटं थांबा. रेघ दिसली तर ठरलं. रेघ आहे की भास असा घोळ होत असेल तर जिलेबीचा केशरी रंग चिमूटभर टाका. खालचा थर रंगला आणि वरचा तसाच राहिला तर पाणी आहे.

थर सापडला की टाकी पूर्ण रिकामी करायची. अर्धी काढून वर ताजं भरणं म्हणजे आजार पातळ करणं. फुटलेलं पेट्रोल ढवळून, हलवून पुन्हा एकजीव होत नाही, आणि त्यासाठी बाटलीतलं जे औषध विकतात त्यानेही नाही. काही ॲडिटिव्ह गंज रोखायला खरंच मदत करतात, तेवढ्यापुरते घ्या. 'इथेनॉल न्यूट्रलायझर' असं लिहिलेली बाटली दिसली तर ठेवून द्या आणि त्या पैशांत फिल्टर आणा.

काढलेलं पेट्रोल गटारात, नाल्यात ओतू नका. आपल्या सगळ्यांच्या नाल्याचं तोंड शेवटी मुळा-मुठेतच उघडतं. गॅरेजमध्ये जुनं ऑइल जमा करणाऱ्याकडे झाकणबंद पत्र्याच्या कॅनमध्ये द्या.

पेट्रोलमध्ये इथेनॉल नक्की किती आहे हे बघायचं असेल तर १०० मिलीची मोजनळी लागते. अप्पा बळवंत चौकात शाळा-कॉलेजचं सामान मिळतं तिथे विचारा. दहा मिलीच्या रेघेपर्यंत पाणी, वर शंभरपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर दहावरून वाढतो. ई२० असेल तर रेघ अठ्ठावीसच्या आसपास येते, कारण नव्वद मिली पेट्रोलमधलं अठरा मिली इथेनॉल खाली आलेलं असतं. चुलतभावाला हा प्रयोग दाखवला तर तो म्हणाला, "म्हणजे पंपवाल्याने अठरा टक्के पाणी घातलं!" नाही रे बाबा. ते पाणी आपणच घातलं, खाली आलंय ते इथेनॉल, आणि ते सरकारी धोरणाप्रमाणे आहे.

धोरणाबद्दल थोडं, कारण प्रत्येक चहाच्या टपरीवर हा विषय निघतोच. दहा टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२०ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये सरासरी वीस टक्क्यांवर पोचली. आज साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं ते ई२०च. महाग, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेलं, हेही गृहीत धरू नका. ऑक्टेन वेगळा, इथेनॉलचं प्रमाण वेगळं. मायलेज कमी होणार हे नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलं आहे: शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकीला सहा ते सात टक्के, दुचाकीला तीन ते चार. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे यात गूढ काही नाही. माझी जिप्सी दहाची नऊ झाली. तिच्याकडून ॲव्हरेजची अपेक्षा मी तशीही केली नव्हती. हे सगळं दौंडच्या दाजींना ऐकवलं. त्यांचा पंचवीस एकर ऊस. ते म्हणाले, "तुमची गाडी महिन्यातून एकदा बंद पडते, आमचं बिल आता वेळेवर येतं. काय करायचं सांगा." यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

अमेरिकेत मात्र या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट केली आहे. तिथे ई१५च्या (पंधरा टक्के इथेनॉलच्या) पंपावर पट्टीच असते की हे २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांतच घाला, इतर वाहनांत, बोटींत आणि पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रांत घालू नका. कारण इथेनॉल विष आहे असं नाही. जास्त इथेनॉलप्रमाणे मिश्रण बदलून घेणं अशा यंत्रांना सहसा जमत नाही. आपल्याकडे निवड नाही, म्हणून सांभाळणं आपल्याकडे आलं.

रबर

इथे हयगय करू नका. बाकी सगळ्यात गाडी बंद पडते, यात पेट घेते. जुने नायट्राइल रबराचे होज इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा वाळून भेगाळतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक होज दोन बोटांत दाबून वाकवून बघा. चिकट लागला, हाताला काळं आलं, वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर त्याच दिवशी बदला. होजवर एसएई जे३०आर९ असं छापलेलं बघून घ्या. त्याच्या आतला थर फ्लोरोकार्बनचा, म्हणजे बाजारात ज्याला व्हिटॉन म्हणतात त्याचा असतो. नाना पेठेत मीटरवर मिळतो. साध्या होजच्या तिप्पट-चौपट महाग वाटेल, पण पूर्ण गाडीला लागतो किती? दोन-अडीच मीटर. क्लॅम्पही नवे घ्या. स्क्रूचे पत्री क्लॅम्प आवळून आवळून होज कापतात.

कार्ब्युरेटरच्या आत ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि नीडल व्हॉल्व्हचं टोक बघा. किट घेताना 'ई२०ला चालेल का' असं विचारलं की काउंटरमागचा माणूस हो म्हणणारच. 'व्हिटॉनचं आहे का' असं विचारा, मग तो थांबतो. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम मात्र सगळ्यात वाईट. तो फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलची काडी काढून दर ट्रिपआधी वास घ्या. ऑइल न टाकता पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरू करू नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी एक ओळ. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवत असाल तर तळाचा थर जास्त घातक, कारण पाणी-इथेनॉलच्या थरात ऑइल उतरत नाही. गाडी गचके खात चालली तर ती विनाऑइल चालते आहे. क्लच दाबा आणि बंद करा, पिस्टन धरायच्या आत.

आता मी काय करतो

टाकीत एका वेळी लागेल तेवढंच पेट्रोल, आणि भरलेलं महिन्या-दीड महिन्यात संपवतो. जून-जुलैत गाडी फारशी निघणार नसेल तर टाकी जवळपास पूर्ण भरून ठेवतो, वर फुगायला थोडी जागा सोडून. मोकळ्या पत्र्याला हवा लागली की तो गंजतो, आणि अर्धी टाकी म्हणजे अर्धा पत्रा मोकळा. तीन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर उलट, पूर्ण रिकामी; तेव्हा गंजापेक्षा शिळ्या पेट्रोलची भीती जास्त. बाउल दोन्ही वेळा रिकामं, कारण त्यातलं थोडं पेट्रोल आधी उडतं आणि मागे चिकट वॉर्निश सोडून जातं. बाइकवाल्यांना हे सोपं आहे. कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं.

जादा पेट्रोल नेतो ते वीस लिटरच्या पत्र्याच्या जेरीकॅनमध्ये आणि ट्रिप झाली की ते गाडीत ओतून संपवतो. मागच्या दिवाळीचा कॅन या दिवाळीला उघडायचा नाही. ओतण्याआधी पहिला पेलाभर बाटलीत घेऊन उन्हात धरतो. सोबतची मंडळी हसतात. हसू देत. गेल्या डिसेंबरमध्ये त्यांच्यातल्याच एकाच्या कॅनमधलं पेट्रोल फुटलेलं निघालं आणि ते माझ्या बाटलीमुळे कळलं.

ओढा पार करायच्या आधी दोन मिनिटं थांबून गाडी थोडी निवू देतो, आणि धुणाऱ्या पोराला झाकणापासून हातभर लांब पाइप धरायला सांगतो. तो दर वेळी विसरतो, म्हणून आता झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी बांधूनच गाडी देतो.

यंदाचा पावसाळा टाकी, ब्रीदर आणि होजचं काम केल्यानंतरचा पहिला. ऑक्टोबरपासून पाच वेळा डोंगरात गेलो, एकदाही गाडी बंद पडली नाही. सकाळची कुरकूर अजून थोडी आहे. पायलट जेटवर काम बाकी आहे, घाई नाही. टाकी धुतलेल्यांनी एक मात्र लक्षात ठेवा: धुतल्यावर लगेच लावलेला नवा फिल्टर दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला. माझा पहिला तेवढ्यात चॉकलेटी झाला होता. दुसरा अजून स्वच्छ आहे.